रुग्णाचे काम विचारणारा शल्यविशारद

अंबड (नाशिक) : अंबड औद्योगिक वसाहतीत सकाळची पाळी सुटते तेव्हा कारखान्यांच्या फाटकांतून बाहेर पडणाऱ्या गर्दीत लेथवर काम करणारा टर्नर ओळखायला फारसे कष्ट पडत नाहीत. त्याच्या पँटवर मांड्यांच्या वरच्या भागाशी तेलाचा काळपट पट्टा उमटलेला असतो आणि खिशातून हात पुसायच्या चिंधीचे टोक डोकावत असते. यंत्रावर वाकून जॉब लावताना, काढताना, मोजताना कटिंग ऑईल नेमके तेथेच उडते. अडीचशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये होऊन गेलेल्या एका शल्यविशारदाशी या डागाचे नाते आहे असे सांगितले, तर ते ओढूनताणून जोडल्यासारखे वाटेल. परंतु नाते आहे, आणि ते बरेच जवळचे आहे.

त्या शल्यविशारदाचे नाव पर्सिव्हल पॉट. मणक्याच्या क्षयरोगाला 'पॉट्स डिसीज' म्हणतात आणि घोट्याजवळच्या एका अस्थिभंगाला 'पॉट्स फ्रॅक्चर', त्यामुळे वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे नाव ठाऊक असते. मात्र त्याच्या हातून घडलेले सर्वांत मोठे काम एका जाडजूड ग्रंथातील अवघ्या काही पानांचे आहे. कर्करोग हा माणसाच्या कामातून, त्या कामात अंगाला लागणाऱ्या पदार्थातून होऊ शकतो, हे जगाला प्रथम दाखवून दिले ते याच पानांनी. तेथे वर्णिलेला रोगही असा, की ज्याचे नाव घेण्याससुद्धा आजही रुग्ण कचरतो. तो म्हणजे वृषणकोशाच्या त्वचेचा कर्करोग.

पॉट यांचा जन्म ६ जानेवारी १७१४ रोजी लंडनच्या थ्रेडनीडल स्ट्रीटवर झाला. पुढे त्याच परिसरात बँक ऑफ इंग्लंडची इमारत उभी राहिली. वडील कागदपत्रे लिहिण्याचा व्यवसाय करीत. मुलगा तीन-चार वर्षांचा असतानाच ते वारले आणि घरची स्थिती हलाखीची झाली. नात्यातील एका बिशपने आधार दिला म्हणून शिक्षण तरी झाले. या मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी अपेक्षा होती, पण त्याचा ओढा शस्त्रक्रियेकडे होता. १७२९ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील शल्यचिकित्सक एडवर्ड नूर्स यांच्याकडे तो उमेदवार म्हणून राहिला. त्यासाठी दोनशे गिनी मोजाव्या लागल्या. बाराव्या शतकात स्थापन झालेले हे रुग्णालय गोरगरिबांचे होते. नूर्स शरीररचनेवर व्याख्याने देत आणि त्यांसाठी लागणारी शवविच्छेदने हा उमेदवार करून ठेवी. सात वर्षे हे चालले. पॉट यांचा हात आणि डोळा तेथेच तयार झाला.

त्या काळी शल्यचिकित्सक हा न्हाव्यांच्या संघातच गणला जाई, हे येथे सांगावयास हवे. १७३६ मध्ये पॉट यांना याच संयुक्त संघाची सनद मिळाली. १७४५ मध्ये शल्यचिकित्सक न्हाव्यांपासून वेगळे झाले, आणि त्याच सुमारास पॉट बार्थोलोम्यूमध्ये सहायक शल्यचिकित्सक झाले. १७४९ मध्ये पूर्ण शल्यचिकित्सकाचे पद मिळाले. वाहत्या रक्तावर, जखमेवर तापलेली लोखंडी सळई टेकवण्याची प्रथा तेव्हा सर्रास होती. तिला विरोध करून जखमेची हळुवार शुश्रूषा करण्याचा आग्रह ज्यांनी धरला, त्यांत पॉट अग्रभागी होते. त्यांच्या हाताखाली शिकून गेलेल्यांत पुढे जगप्रसिद्ध झालेला जॉन हंटरही होता.

१७५६ मध्ये एका प्रसंगाने त्यांच्या आयुष्याला वळण लागले. लंडनच्या दक्षिणेकडील केंट रस्त्यावर घोड्यावरून पडून त्यांच्या पायाचे हाड मोडले आणि कातडी फाडून बाहेर आले. अशा जखमेत पाय कापणे हाच त्या काळचा उपाय होता आणि कापूनही रुग्ण जगेलच याची खात्री नसे. कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर पडलेल्या पॉट यांनी कोणालाही आपल्याला हलवू दिले नाही. वेडेवाकडे उचलले तर हाडाची टोके आतले मांस आणि रक्तवाहिन्या फाडतील, हे त्यांना माहीत होते. त्यांनी पालखीवाल्या खुर्चीचे दोन भोई त्यांच्या दांड्यांसह बोलावून घेतले. ते येईपर्यंत जवळच एक दार विकत घेतले, दांडे त्या दाराला खिळ्यांनी ठोकून घेतले आणि त्यावर आडवे होऊन लंडन ब्रिजवरून थेट घर गाठले. घरी जमलेल्या शल्यचिकित्सकांचे पाय कापण्यावर एकमत झाले. हत्यारेसुद्धा मांडली गेली. इतक्यात वृद्ध नूर्स येऊन पोहोचले. पाय वाचवता येईल असे त्यांचे मत पडले आणि तो खरोखरच वाचला. अंथरुणावर सक्तीने पडून राहावे लागलेल्या त्या काळात पॉट यांनी लिहायला घेतले. त्यातून अंतर्गळ अर्थात हर्नियावरील ग्रंथ तयार झाला आणि वयाच्या बेचाळीसाव्या वर्षी या माणसाची लेखणी जी सुरू झाली, ती पुढे अनेक वर्षे थांबली नाही. १७६४ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

ज्या लंडनमध्ये ते काम करीत होते, ते कोळशाच्या धुराने काळवंडलेले शहर होते. १६६६ च्या भीषण आगीनंतर शहर नव्याने बांधले गेले. घराघरांत कोळशाच्या शेगड्या आल्या, आणि त्यांना जोडलेली धुराडी अरुंद व वळणावळणाची झाली. आत साचणारी काजळी वेळच्या वेळी खरवडून काढली नाही, तर घरालाच आग लागण्याची भीती असे. ज्या धुराड्यात मोठा माणूस मावत नसे, तेथे मुले घातली जात. पाच-सहा वर्षांची अनाथ किंवा विकलेली पोरे मुकादमाकडे उमेदवारीला ठेवली जात. कोपरे आणि गुडघे भिंतीला रोवत ती वर चढत. कपडे अडकू नयेत म्हणून पुष्कळदा अंगावर काहीच नसे. रात्री काजळीच्या पोत्यांवरच झोपायचे आणि अंघोळ क्वचितच. काही मुले आत अडकून गुदमरून मरत, काही भाजत. जी वाचत, ती मोठी होऊन दुसरे काम धरीत किंवा स्वतःच मुकादम होत.

यांच्यापैकी काही जण बऱ्याच वर्षांनी बार्थोलोम्यूच्या दारात येत. वृषणकोशाच्या खालच्या बाजूला एक खडबडीत, दुखरा, कठीण कडांचा व्रण झालेला असे. धुराडी साफ करणाऱ्यांच्या बोलीत त्याला काजळीची चामखीळ म्हणत. म्हणजे कामगारांना स्वतःला कारण ठाऊक होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ठाऊक नव्हते ते डॉक्टरांना. पुरुषाच्या गुप्तांगावरचा व्रण म्हटला की तो बाहेरख्यालीपणाचा रोग, असे समीकरण ठरलेले. रुग्ण तारुण्यात आलेला असे, त्यामुळे संशयाला आणखी बळ मिळे. मग पारा सुरू होई. पाऱ्याने व्रण बरा होण्याऐवजी चिघळे, महिने वाया जात आणि तोवर रोग वृषणात, तेथून वर पोटात आणि जांघेतील गाठींत शिरलेला असे. रोग्याच्या पदरी वेदनेबरोबर बदनामीही येई.

पॉट यांनी १७७५ मध्ये मोतीबिंदू, नाकातील मांसवृद्धी, हर्निया आणि पायांची बोटे सडण्याचा विकार अशा परस्परांशी संबंध नसलेल्या विषयांवरील निरीक्षणांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातच वृषणकोशाच्या कर्करोगाचे हे छोटे प्रकरण होते. हा गुप्तरोग नव्हे, हे त्यांनी त्यात ठामपणे मांडले. रोगाची सुरुवात नेहमी एकाच जागी का होते आणि तो एकाच व्यवसायाच्या माणसांना का होतो, या दोन प्रश्नांचे त्यांनी काढलेले उत्तर एकच होते. वृषणकोशाच्या सुरकुत्यांमध्ये घामाबरोबर काजळी साचून राहते आणि वर्षानुवर्षे त्वचेला डिवचत राहते. त्यांच्याजवळ सूक्ष्मदर्शकाचा पुरावा नव्हता, आकडेवारी नव्हती, प्रयोगशाळा तर नव्हतीच. जे होते ते इतकेच, की समोरच्या माणसाने लहानपणापासून काय काम केले हे त्यांनी विचारले आणि त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवला. इटलीतील वैद्य रामाझिनी यांनी त्यांच्या सुमारे पाऊण शतक आधीच रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारा, असा आग्रह धरला होता. कर्करोगाच्या बाबतीत तो प्रश्न फलद्रूप करणारे पहिले पॉट.

उपचाराविषयीही त्यांचे सांगणे स्पष्ट होते. व्रण त्वचेपुरता असतानाच तो भाग ताबडतोब कापून काढावा. वृषणात रोग गेल्यावर वृषणच काढून टाकण्याचे प्रयत्न त्यांनी अनेकदा केले होते आणि बहुतेक वेळा पदरी निराशा आली होती. हे अपयश त्यांनी लपवले नाही. स्वतःच्या हरलेल्या शस्त्रक्रियांची अशी कबुली देणे त्या काळच्या नामवंत शल्यचिकित्सकाला सोपे नसणार. भूल नाही, जंतुनाशक नाही, अशा स्थितीत केलेली ही शस्त्रक्रिया. तरीही लवकर आलेले काही रुग्ण वाचत, एवढे त्यांनी पाहिले होते. त्या मुलांच्या हालअपेष्टांबद्दलही त्यांनी लिहिले. एरवी नेमके आणि कोरडे लिहिणाऱ्या या गृहस्थाच्या लेखणीला त्या ओळींत संताप आवरलेला नाही, हे वाचताना जाणवते.

सुमारे पन्नास वर्षे बार्थोलोम्यूमध्ये काढून १७८७ मध्ये पॉट निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी डिसेंबरात लंडनपासून दूर एका रुग्णाला पाहायला गेले असताना थंडी बाधली, त्यातून फुप्फुसाचा विकार झाला आणि २२ डिसेंबर १७८८ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने धुराडी साफ करणाऱ्या मुलांसाठी पहिला कायदा केला. जोनास हॅनवे या समाजसुधारकाने त्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला होता, पण तो कायदा पाहण्यास ते हयात नव्हते. आठ वर्षांखालील मुलाला या कामावर ठेवू नये, असे कायदा सांगत होता. अंमलबजावणीची व्यवस्था मात्र त्यात नव्हती. १८३४, १८४० आणि १८६४ अशी कायद्यांची मालिका चालू राहिली, तशीच मुलेही धुराड्यांत चढत राहिली. १८७५ मध्ये केंब्रिजजवळ एका मुलाचा धुराड्यात अडकून मृत्यू झाला, तेव्हा कोठे परवाना आणि पोलिसांची देखरेख असलेला परिणामकारक कायदा आला. पॉट यांचे पुस्तक प्रसिद्ध होऊन तोवर बरोबर शंभर वर्षे झाली होती.

दरम्यान त्यांच्या घरातच हे सूत्र पुढे नेले गेले. जावई जेम्स अर्ल यांनी त्यांचे समग्र लेखन प्रसिद्ध केले आणि एका माळ्याची हकीकत नोंदवली. गोगलगायी मारण्यासाठी हा माळी बागेत काजळी पसरत असे आणि त्याला तसाच कर्करोग हाताच्या पाठीवर झाला होता. म्हणजे दोष शरीराच्या त्या भागात नव्हता, काजळीत होता. नातू हेन्री अर्ल यांनीही १८२३ मध्ये या रोगावर लिहिले. पुढे बार्थोलोम्यूचेच शल्यचिकित्सक हेन्री बटलिन यांना प्रश्न पडला, की धुराडी तर जर्मनीत आणि बेल्जियममध्येही साफ केली जातात, मग हा रोग इंग्लंडमध्येच एवढा का? १८९२ मध्ये त्यांनी दिलेले उत्तर अगदी साधे होते. तेथील कामगार अंगाला घट्ट बसणारे कपडे घालत आणि काम संपताच अंग धूत.

प्रयोगशाळेतील पुरावा यायला विसावे शतक उजाडावे लागले. १९१५ मध्ये टोकियोत यामागिवा आणि इचिकावा या दोघांनी सशांच्या कानांना महिनोन्महिने डांबर चोळून कर्करोग निर्माण करून दाखवला. १९३३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी सुमारे दोन टन डांबर गाळून-गाळून त्यातून बेंझोपायरिन हे रसायन वेगळे काढले. काजळीतील गुन्हेगार सापडला. अर्धवट जळलेल्या कोळशात, डांबरात आणि कच्च्या खनिज तेलातही याच कुळातील रसायने असतात.

येथून आपण पुन्हा यंत्रांकडे येतो. धुराडी गेली, पण रोग गेला नाही. तो लँकेशायरच्या कापड गिरण्यांत दिसू लागला. म्यूल नावाच्या सूतकताई यंत्रावर कामगाराला सतत पुढे वाकावे लागे. चात्यांना घातलेले खनिज तेल त्याच्या पँटच्या पुढच्या भागात मुरत जाई. १९२२ मध्ये मँचेस्टरच्या साउदॅम आणि विल्सन या डॉक्टरांनी या कामगारांमधील वृषणकोशाच्या कर्करोगाकडे लक्ष वेधले. गिरण्यांमागोमाग पाळी आली लेथची. बर्मिंगहॅम परिसरातील अभियांत्रिकी कारखान्यांत कटिंग ऑईलमध्ये भिजत काम करणाऱ्या टूल सेटर आणि टर्नर यांच्यात १९५० च्या सुमारास असे रुग्ण नोंदले गेले. अशाच एका कामगाराचा १९६६ मध्ये मृत्यू झाला. त्याच्या विधवेने दावा लावला. कारखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला धोका माहीत असूनही कामगारांना सावध केले गेले नाही, नियमित तपासणी झाली नाही, असा ठपका ठेवून १९६८ मध्ये न्यायालयाने मालकाला जबाबदार धरले. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यानेच डांबर, खनिज तेल आदींमुळे होणारा त्वचेचा कर्करोग सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत घातला होता. कायदा आपल्याकडे इतका आधी होता, याचे आश्चर्य वाटते.

पॉट यांचा प्रश्न महाराष्ट्रात ज्यांनी विचारला, त्यांचेही येथे स्मरण करायला हवे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सहकारी सूर्याबाई यांच्यासह १९४५ मध्ये भारतीय राहणीशी निगडित कर्करोगांवर निबंध प्रसिद्ध केला. कमरेला एकाच जागी वर्षानुवर्षे घट्ट कसलेल्या धोतरामुळे तेथील त्वचेला होणारा कर्करोग आणि खालच्या ओठात खैनी दाबून ठेवल्याने होणारा कर्करोग त्यांनी जगासमोर मांडला. त्यांना १९५४ मध्ये पद्मभूषण मिळाले, पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. धोतर मागे पडले तरी सूत्र मात्र तुटले नाही. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी परकराच्या करकचून बांधलेल्या नाडीखाली कर्करोग झालेल्या दोन महिलांची हकीकत प्रसिद्ध केली.

वृषणकोशाचा कर्करोग आज अतिशय दुर्मिळ आहे. कारखान्यांत वापरली जाणारी तेले आता अधिक शुद्ध केलेली असतात, पुष्कळ ठिकाणी पाण्यात मिसळणारे कूलंट आले आहे आणि बंद काचेआड चालणाऱ्या सीएनसी यंत्रांवर तेल अंगावर उडत नाही. तेव्हा अंबडच्या टर्नरने धसका घेण्याचे कारण नाही. जांघेतली खाज ही बहुधा खाजच असते. मात्र शुद्ध न केलेली किंवा जुजबी शुद्ध केलेली खनिज तेले माणसात कर्करोग निर्माण करतात, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने निःसंदिग्धपणे नोंदवून ठेवले आहे. शिवाय लहान वर्कशॉपमध्ये तेच तेल गाळून पुन्हा-पुन्हा वापरण्याची सवय नवी नाही. तेलाचा स्पर्श आणि रोगाचे दर्शन यांत वीस-तीस वर्षांचे अंतर पडू शकते. तेलाशिवाय मानवी पॅपिलोमा विषाणूची लागण आणि सोरायसिसवरचे काही किरणोपचार हीदेखील या रोगाची कारणे आहेत.

अडचण येते ती निदानात, आणि ती पॉट यांच्या काळातल्यासारखीच आहे. गाठ किंवा व्रण दुखत नसेल तर कामगार तो दाखवत नाही. दाखवायची लाज वाटते, म्हणून औषधाच्या दुकानातून नायट्याची ट्यूब आणून लावतो. त्यातील स्टिरॉइडने काही दिवस बरे वाटते आणि महिने जातात. त्या काळी पारा होता, आज ट्यूब आहे. महिनाभरात न भरणारा व्रण, वाढणारी चामखीळ किंवा रक्त येणारा खडबडीत भाग दिसला तर त्वचारोगतज्ज्ञ किंवा मूत्ररोगतज्ज्ञ त्याचा लहान तुकडा काढून तपासणीला पाठवतो. सुन्न करण्याचे इंजेक्शन देऊन होणारी ही तपासणी काही मिनिटांची असते. कर्करोग निघालाच तर भोवतालच्या थोड्या निरोगी त्वचेसह तो भाग काढून टाकतात. ही त्वचा सैल असल्याने जखम बहुधा सहज शिवता येते. रोग त्वचेपुरता असेल तर वृषण काढावे लागत नाहीत, हे मुद्दाम सांगायला हवे, कारण पुरुषांची खरी भीती तीच असते. जांघेतील गाठींपर्यंत रोग गेला असेल तर त्या गाठी काढणे, किरणोपचार, औषधोपचार असा पल्ला लांबतो आणि बरे होण्याची शक्यता कमी होत जाते. लवकर कापा, हा पॉट यांचा सल्ला भूल आणि जंतुनाशक आल्यानंतरही बदललेला नाही.

तेलाने भिजलेली पँट त्याच दिवशी बदलणे, काम संपल्यावर साबणाने अंग धुणे, यंत्राला तेल अडवणारे झाकण बसवणे, एप्रन वापरणे आणि तेलकट चिंधी खिशात न ठेवणे, हे ब्रिटिश कारखान्यांनी या रोगाशी झगडताना शिकलेले उपाय. अंबडमध्ये पाळी सुटल्यावर बसकडे धावणाऱ्या कामगारांच्या खिशांतून मात्र चिंधीची टोके अजून डोकावत असतात. पाळीच्या शेवटी ती तेथे खोचण्याचा हात सवयीचा झालेला असतो.